काडाची हॅट सांधताना

दि. ३ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रागवायचं असेल तर आधी रागवून घ्या आणि मग पुढचं वाचा. आमच्या मार्गावरचा एक कंडक्टर नोकरी सोडून गेला, त्याच्या फेऱ्या माझ्या खांद्यावर आल्या. म्हणजे अगदी खांद्यावरच. तिकिटांची पिशवी लटकवून लटकवून माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली गेलाय. परवा ह्यांना विचारलं, मी तिरकी दिसते का हो? तर म्हणाले, दिसत नाही.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. तुम्ही तुमच्या कारखान्यातून ह्यांना आणून दिलेली गवती हॅट, तिची पार दशा झालीय. खुंटीवरून पडली आणि कुणाचा तरी पाय पडला. डोक्याच्या भागाला तडे गेलेत, मधेमधे आरपार भोकं आहेत, आणि काठ एका बाजूला फाटून लोंबतोय. चपला शिवणाऱ्याकडे नेली होती. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही मी त्याला मेलेली कोंबडी उठवून बसवायला सांगतेय. इथे दुसरं कोणी नाही. घरच्या घरी काही करता येईल का? तुमचा जन्म हॅटा शिवण्यात गेलाय, मला साधं बटण लावलं तरी ते उलटं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा त्या बेताने सांगा.

हे बरे आहेत. सध्या रजेवर आहेत. वर्षानुवर्षं फेरीबोटीचं सुकाणू धरून माणूस थकणारच, म्हटलं पडा जरा घरी. पाण्यावरच्या उन्हाने डोळ्यांना त्रास होतो, म्हणून हॅटची घाई. नवीन कापडी टोपी आणली होती, ती घडीसुद्धा न मोडता फळीवर पडलीय.

लोभ आहेच, तो एवढ्या उन्हात वाळू देऊ नका.

आपली,
भावजय


दि. ९ एप्रिल

चि. सौ. कंडक्टरीणबाईस,
अ. उ. आ.

रागावले नाही. तिकीट न काढता एवढ्या लांबून पत्र पाठवलंस तरी रागावले नाही, पोस्टाने माझ्याकडून दंड घेतला. पुढच्या वेळी पाकिटाला तिकीट लाव. लोकांची तिकिटं फाडून फाडून स्वतःचं विसरायची वेळ आली वाटतं.

आता हॅट. आधी तिला हात लावायचं थांबव. काड कोरडं असताना वाकवलं की मोडतं, आणि तू ते एव्हाना दोन-चारदा वाकवून पाहिलं असशील. न्हाणीघराचं दार लावून घे, बादलीभर कढत पाणी आत ठेव आणि वर दोरीला हॅट टांग. किटलीच्या तोंडाशी धरू नकोस, त्याने एकच जागा भिजते आणि बाकीची तशीच कडक राहते. काड ओलसर कागदासारखं मऊ लागलं की बाहेर काढ आणि एखाद्या पातेल्यावर पालथी घाल. पातेलं माझ्या भावाच्या, बाब्याच्या डोक्याच्या मापाचं हवं. त्याचं डोकं लहानपणापासून मोठं आहे, तेव्हा सगळ्यात मोठं घे. तडे बोटांनी हळू जुळव, आत चिंध्या भर, सावलीत वाळू दे. उन्हात ठेवलीस तर पुन्हा तडकेल आणि मग मला पत्र लिहू नकोस.

हे झालं की मला हॅटचं चित्र काढून पाठव. समोरून, मागून आणि वरून. एकूण एक तडा आणि भोक त्यात दाखव, कुठल्या बाजूला झुकलंय तेही. डोळ्यांनी न बघता औषध द्यायला मी काही मोठी डॉक्टर नाही.

इथे उन्हाळ्याच्या मागणीमुळे मान वर करायला फुरसत नाही. नव्या मुली चांगल्या आहेत, हातापेक्षा तोंड जास्त चालतं एवढंच. माझं अक्षर बिघडलंय ते पेनामुळे, त्याची काळजी नको.

बाब्याला सांग, दोन ओळी लिहायला हात झिजत नाहीत.

माझा जीव तुम्हा दोघांत आहे, तो तिथेच राहू द्या.

तुझी,
ताई


दि. १७ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पाकिटाला तिकीट लावलंय, दोनदा पाहिलं.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. न्हाणीघरातून हॅट बाहेर आली तेव्हा भिजलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. दुधाचं पातेलं लहान पडलं, पाण्याचं इतकं मोठं की हॅट वर चढेना. शेवटी शेजारणीचं मागून आणलं. कशाला हवं म्हणाली, तर म्हटलं नवऱ्याचं डोकं बसवायचंय. तिने पुढे काही विचारलं नाही. आता हॅटला निदान आकार आलाय. तडे मात्र जवळ आणले की टिकतात आणि हात काढला की पुन्हा उघडतात.

चित्र जुन्या वेळापत्रकाच्या पाठीमागे काढलंय. हसू नका. मी काढलेली माणसं बटाट्यासारखी दिसतात, पण तडे मोजून-मापून जिथले तिथे काढलेत.

ह्यांना हॅट दाखवली. पलंगावर पडल्या पडल्या विचारलं, नीट झाली का? मी म्हटलं, होतेय. मग चौकशीच्या दिवसाआधी होऊ दे म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ऑफिसात काहीतरी कागदपत्रांचं काम आहे, त्याची ती चौकशी.

सकाळच्या फेरीला एक अंडीवाल्या बाई चढतात. त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे. मी खाली उतरून त्यांची टोपली वर घेते, बाजारात पुन्हा उतरवून देते. त्या माझ्याशी बोलत नाहीत. दिवस तिथून सुरू होतो आणि मग संपतच नाही. घरी आले की चपला काढायलाही वाकवत नाही.

असो. आशीर्वाद असू द्या, सध्या त्यांचीच गरज आहे.

आपली,
भावजय


दि. २४ एप्रिल

चि. सौ. कंडक्टरीणबाईस,
अ. उ. आ.

चित्र मिळालं. बटाटे काढतेस तू, पण तडे अगदी नीट काढलेस. म्हणूनच हे लिहिते.

पाय पडलेल्या हॅटा मी पुष्कळ पाहिल्यात. त्यात काड चपटं होतं, घडी पडते तिथे मोडतं, आणि काठ बहुतेक वेळा शाबूत राहतो. तुझ्या चित्रातले तडे समोरासमोर आहेत, दोन्ही तिरके, एक इकडे झुकलेला आणि दुसरा तिकडे. ओलं फडकं पिळताना त्याला जसा पीळ बसतो तसे. भोकं आहेत तिथे अंगठे घुसलेत. ही हॅट कुणीतरी दोन्ही हातांनी पिळलीय, आणि जोर लावून पिळलीय.

घरात तुम्ही दोघंच. तू पिळली असशील तर मला त्यात नवल वाटणार नाही, माझ्या भावाबरोबर राहायचं म्हणजे काहीतरी पिळावंच लागतं. पण तू पिळली असतीस तर तसं लिहिलं असतंस. मग हा बाब्याचा हात आहे. लहानपणी त्याने मांजरालासुद्धा कधी झिडकारलं नाही. काय झालं ते सांग. कसली रजा, कसली चौकशी? मी लांब आहे, पण बहिरी नाही.

हॅटचंही सांगून ठेवते. विरलेल्या सुती कापडाचे तुकडे घे, प्रत्येक भोकापेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठे. पांढरा गोंद पाण्यात कालवून दुधाइतका पातळ कर, त्यात तुकडा भिजव आणि आतल्या बाजूने चिकटव. मग बाहेरून सुईच्या टोकाने मोडक्या काडांची तोंडं एकमेकांना भिडव. जिथे काडच उडून गेलंय तिथे नवीन घालावं लागेल. सोबत जुडी पाठवलीय, ती आधी भिजत घाल आणि मग एक वरून एक खालून अशी ओवत जा. काठ शिवायचा तो जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच. दोरा ओढू नकोस. ओढलेला दोरा काडाला कापतो, आणि तुझा हात ओढणाऱ्यातला आहे.

लवकर लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई


दि. २ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्यापासून लपवायला गेले आणि माझ्याच पेन्सिलीने घात केला. आता सगळं सांगते.

ह्यांच्या नजरेचा मधला भाग चाललाय. कडेचं दिसतं, पण मधोमध काचेवर कुणी ओलं बोट फिरवावं तसं पुसट होतं. समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, असं म्हणतात. थंडीतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटे जाऊन आले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सुकाणू सोडा, हे सुधारणारं नाही. ह्यांनी ना मला सांगितलं, ना ऑफिसात. धक्क्याची दोन्ही टोकं नजरेच्या कडेला धरायची आणि मधे बोट घालायची, असे आठवणीच्या जोरावर चालवत राहिले.

मार्चमध्ये एका सकाळी धक्क्याच्या मधोमध वाळूची होडी बांधलेली होती. ती ह्यांना दिसलीच नाही. बोट तिला घासून धक्क्यावर आदळली. उतरायला उभे राहिलेले लोक एकमेकांवर पडले, आणि अंडीवाल्या बाईंचा हात खाली सापडून मोडला. हो, त्याच बाई. मी कोणाची बायको ते त्यांना माहीत आहे.

मी फेरी संपवून घरी आले तेव्हा हे बाहेरच्या खोलीत उभे होते, हातात हॅट. सगळं एका दमात सांगितलं आणि सांगता सांगता ती पिळत गेले. काड तुटल्याचा आवाज येत होता. मी पिशवी खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिले, थांबवलं नाही. मग केर भरून घेतला. तेव्हापासून ह्यांनी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

पुढचं ऐका. ऑफिसचे साहेब ह्यांना मानतात. त्यांना डोळ्यांचं काही ठाऊक नाही. ते घरी येऊन म्हणाले, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली आणि क्षणभर लक्ष चुकलं, एवढं कबूल करा. ताकीद देऊ, महिनाभराने परत सुकाणू धरा. चौकशी २४ मेला आहे, आणि ह्यांच्या मनात तेच सांगायचं आहे. मी म्हटलं, अहो, बोटीत माणसं असतात. तर म्हणाले, हलगर्जी म्हणवून घेईन, आंधळा म्हणवून घेणार नाही.

त्या दिवशी डोक्यावर ही हॅट हवीय. नेहमीसारखा, धडधाकट सुकाणूवाला दिसावा म्हणून. ताई, मी रोज माणसं भरलेली गाडी घेऊन फिरते. हॅटला एक टाका घातला की वाटतं, मी ह्यांना परत बोटीवर चढवतेय. गोंद कालवून ठेवला होता, तो वाटीतच वाळला. भांडायला अंगात जोर नाही, गप्प बसायलाही नाही. हॅट नीट करू की नको, तेवढंच सांगा.

तुमच्या मायेवर भिस्त आहे.

आपली,
भावजय


दि. ९ मे

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

अक्षरं मुद्दाम मोठी काढलीत, हॅटच्या खोक्यांवर नाव घालायच्या ब्रशने. ओळीच्या कडेला नजर ठेवून वाचता येतंय का बघ. नाही आलं तर तिच्याकडून वाचून घे, पण तिला धडपणे बसून वाचू दे. सगळं तिने मला लिहिलंय. तिच्यावर डोळे वटारू नकोस. विचारलं मी होतं.

मी तुला उपदेश करणार नाही. करायची माझी लायकीही नाही, ती का ते सांगते. थंडी पडल्यापासून माझा उजवा अंगठा अडकतो. वाकला की सरळ होत नाही, दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावा लागतो, तेव्हा कट असा आवाज येतो. शिलाईवर काडाची वेणी अंगठ्याने दाबून धरावी लागते, ती सुटते. या हंगामात माझ्या हातून किती हॅटा वाकड्या गेल्या ते मला माहीत आहे. नव्या मुली त्या गुपचूप उसवून नीट करतात आणि मला कळू देत नाहीत. मला कळतं. मालकांना मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला खोकी बांधायला बसवतील, किंवा घरी पाठवतील. घरी म्हणजे या एका खोलीत. इथे मी दिवसभर करू काय?

तेव्हा तुझं मन मला कळत नाही असं समजू नकोस. पुरतं कळतं. फरक एवढाच की माझी वेणी सुटली तर हॅट वाकडी होते. तुझी बोट वाकडी गेली तर काय होतं ते तुला रोज अंडीवाल्या बाईंच्या हातावर दिसलं असतं, पण तू घरात पडून आहेस, ते तुझ्या बायकोला दिसतं.

२४ तारखेला तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण खरं सांगितलंस, तर कसं सांगितलंस ते मला कळव. पहिलं वाक्य काय म्हणालास, उभा होतास की बसून, सगळं. मला जमत नाहीय. आजवर प्रत्येक गोष्ट मी आधी केली आणि तू माझ्यामागून केलीस, पोहायलासुद्धा. या वेळी तू पुढे हो.

तुझ्या बायकोला निरोप: हॅट नीट कर. तिचा काय दोष?

तुझ्यावर जीव असलेली,
ताई


दि. १९ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं. खिडकीशी उभं राहून, मान तिरकी करून, पक्षी दाणा बघतो तसं एकेक अक्षर. पुष्कळ वेळ लागला. मी मधे पडले नाही. वाचून झाल्यावर घडी घालून उशीखाली ठेवलं आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

रविवारी दुपारी मी हॅट घेऊन बसले. ठिगळं आतून चिकटवली. एक उलटं लागलं, ते ओलं होतं तोवर काढून पुन्हा लावलं. काठ शिवायला घेतला तर हॅट हातात ठरेना. पाच मिनिटं माझी चिडचिड ऐकून हे उठून आले, समोर बसले आणि गुडघ्यावर हॅट धरली. दोन्ही हातांनी, पण या वेळी अगदी हलकी. मी टाके घालत होते आणि हे बोटाने चाचपून सांगत होते, इथे अजून उघडंय, इथे दोरा ताणलास.

मग बोलायला लागले. माझी नजर सुईवर होती. माझं तोंड त्यांना तसंही दिसत नाही. त्यामुळेच बोलता आलं असेल. थंडीत पहिल्यांदा काय झालं, ते सांगितलं. धक्क्यावरच्या पाटीतली मधली अक्षरं नाहीशी झाली, त्यांना वाटलं रंग उडालाय, म्हणून रंगाऱ्याला बोल लावला. रोज शेवटची फेरी झाली की हे इंजिनापाशी बसून राहायचे. मला वाटायचं गप्पा मारत बसतात. आता दिवसभर घरात मी कोण, असं म्हणाले. मी अंडीवाल्या बाईंचं सांगितलं. टोपली उचलायला मी वाकले की त्या कशा तोंड फिरवतात ते. कुठे बसतात, विचारलं. म्हटलं, दारापाशी, उतरायला सोपं म्हणून.

हॅट झाली. काठाला एका बाजूला पोक आलाय. नवं काड पिवळंधमक आणि जुनं तांबूस, त्यामुळे वरून बघितलं तर बांडी गाय वाटते. ह्यांनी घालून पाहिली आणि आरशाकडे वळलेच नाहीत, मला विचारलं, कशी दिसते? मी म्हटलं, डोक्यावर आहे एवढं नक्की.

२४ तारखेला मला बरोबर यायला सांगितलंय. काय सांगणार, ते मी विचारलं नाही. सुट्टी मागितलीय. त्या दिवशी झोप मिळाली असती तर बरं झालं असतं, एवढंच मनात येतं, आणि मग माझीच मला लाज वाटते.

अंगठ्याला रात्री कोमट तेल लावा. आणि आम्हाला अंतर देऊ नका.

आपली,
भावजय


दि. २६ मे

प्रिय ताईस,
सा. न.

जाड पेनाने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घे.

तू विचारलंस ते आधी सांगतो. मी बसून होतो. वाक्य पाठ करून गेलो होतो, ते आठवलंच नाही. साहेबांनी निवेदन आधीच टाइप करून ठेवलं होतं. उन्हाची तिरीप वगैरे. वाचून दाखवलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवून म्हणाले, या ओळीवर सही करा. बोट दिसलं. बोट ठेवलेली ओळ दिसेना. मी पेन घेऊन बसलो. चुकीच्या जागी सही झाली तर, एवढाच विचार आला. मग म्हणालो की मला ओळ दिसत नाही. साहेब हसले, चष्मा विसरलात का म्हणाले. मी पुन्हा म्हणालो, ओळ दिसत नाही, त्या दिवशी होडीही दिसली नव्हती, थंडीपासून मधलं काहीच दिसत नाही. एवढंच. ताई, वाक्य लहान आहे.

अंडीवाल्या बाई साक्षीला तिथेच होत्या. त्या उठून माझ्यासमोर आल्या. तोंड दिसलं नाही, प्लास्टरचा हात दिसला. म्हणाल्या, म्हणजे थंडीपासून तू आम्हाला असंच नेत होतास, माझी नात शनिवारी माझ्याबरोबर असते. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? माफी मागायला तोंड उघडलं तोवर त्या निघून गेल्या होत्या. मी रिकाम्या जागेकडे बघून माफी मागितली. साहेबांनीच सांगितलं की त्या गेल्या.

बोट कायमची सुटली. हे लपवून ठेवल्याबद्दल वेगळी कारवाई होईल, काय ते वरचे ठरवतील. साहेब दुखावलेत. त्यांना माझ्यासाठी खोटं लिहायला लावलं असं त्यांना वाटतं, आणि ते खरंच आहे.

हॅट खोलीत काढून मांडीवर ठेवली होती. घामाने एक ठिगळ सुटून कपाळाला चिकटलं. चौकशीभर ते तसंच होतं. ही म्हणते, बाहेर आल्यावर काढलं, आत हसू आलं असतं. घरी येताना बसमध्ये हिला बसायला जागा मिळाली. झोपली. माझ्या खांद्यावर डोकं होतं, थांबा गेला तरी मी उठवलं नाही. पुढच्या थांब्यावरून चालत आलो.

तुझं सांगायचं तर मालकांना भाषण देऊ नकोस. सरळ अंगठा दाखव. लोकांना अंगठा दाखवला की ते चिडतात, पण तुझा बघून त्यांना कळेल.

माया पातळ करू नकोस, गोंद तेवढा कर.

तुझा,
बाब्या

ता. क. ताई, मी लिहितेय. ह्यांना सांगितलेलं नाही. अंडीवाल्या बाई हल्ली टोपलीला मला हात लावू देत नाहीत. दुखऱ्या हाताने स्वतःच वर ओढतात. मी घंटी मारायला थांबते. घाई कर असं ड्रायव्हर म्हणतो, तरी थांबते.


दि. ४ जून

चि. बाब्या आणि चि. सौ. कंडक्टरीणबाई, दोघांस,
अ. उ. आ.

दाखवला. सकाळी सगळ्यांसमोर मालकांच्या टेबलापाशी गेले आणि अंगठा वर केला. आधी त्यांना वाटलं मी कामाची मागणी नाकारतेय. मग तो वाकवला आणि तसाच अडकलेला त्यांच्यापुढे धरला. ओढून सरळ केला तेव्हा आवाज आला तो त्यांनीही ऐकला. मुली मशीन थांबवून बघत होत्या. एक रडायला लागली. उसवायचं काम बहुतेक तिच्याच वाट्याला येत असणार.

मालक ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. आधी अंगठा डॉक्टरला दाखवा, शिलाई बंद, हात बरा झाला तर तयार मालाची तपासणी देतो म्हणाले. बरा नाही झाला तर काय, ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी उशी मीच खुर्चीवरून काढून घेतली. तिथे आता ती रडकी मुलगी बसते. चांगली शिवते.

इथल्या डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टी बांधलीय आणि हात वापरू नका म्हणतात. एका हाताने स्टोव्हसुद्धा पेटत नाही. हे पत्रही त्या मुलीकडूनच लिहून घेतेय, म्हणून अक्षर चांगलं दिसतंय. खोलीत बसून दोन दिवस काढले. तिसरा निघेना. म्हणून येतेय. किती दिवस राहीन ते आल्यावर बघू. वहिनीबाई, मला स्वयंपाकातलं काही करता येणार नाही, पण तू कामावरून आलीस की तुझी चप्पल काढायला माझा डावा हात आहे.

रविवारी दुपारच्या गाडीने पोचते. बाब्या, तू स्टँडवर ये. तिला आणू नकोस, तिला झोपू दे. एकटा ये, भिंतीच्या कडेकडेने ये, रस्ता ओलांडताना कुणाला तरी विचार. विचारायला लाज वाटली तर पुन्हा विचार. गर्दीत मी दिसणार नाही, तोंडं दिसत नाहीत, म्हणून घाबरू नकोस. तू फक्त फाटकापाशी उभा राहा. मला तू दिसशील. मी हाक मारीन, लहानपणी पाण्यातून मारायचे तशी. सगळा स्टँड वळून बघेल, बघू दे. तू आवाजाच्या दिशेने चालत ये.

तुमचीच,
ताई